तोंडओळखीची माणसं

माझ्या वडिलांच्या ओळखीतली निम्मी माणसं अशी होती, की त्यांची नावं वडिलांना ठाऊक नव्हती. नागपूरच्या शंकरनगर चौकातला पानठेलेवाला, गोकुळपेठ बाजारात सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मेथीच्या जुड्या घेऊन बसणारी म्हातारी, अंबाझरी बगीच्यात रोज नेमके उलट दिशेनं फिरणारे माकडटोपीवाले गृहस्थ. ‘काय काकाजी, आज उशीर?’ ‘हो ना, दूधवालाच उशिरा आला.’ संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. अशी वर्षं गेली.

ते वारले तेव्हा घाटावर नातेवाईक होते, ऑफिसची मंडळी होती, आणि मागच्या बाकांवर बरीचशी अशी माणसं बसली होती, ज्यांना घरातलं कुणीच ओळखत नव्हतं. त्यातल्या एकानं माझ्या भावाला सांगितलं, ‘बाबूजी रोज बगीच्यात दिसत होते. पेपरात फोटो पाहिला तेव्हा नाव समजलं.’ वर्षानुवर्षं रोज भेटणाऱ्याचं नाव निधनवार्तेत कळतं, आणि तरी माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून येतो. या नात्याला आपल्याकडे फारसा मान नाही. ‘तशी नुसती तोंडओळख आहे हो’ म्हणून आपण ते बाजूला सारतो.

सोशल मीडियाबद्दल आपण इतकी वर्षं बोलतोय ते एकतर मैत्रीबद्दल, नाहीतर भांडणांबद्दल. शाळेतली बाकावरची मैत्रीण कशी सापडली, किंवा ग्रुपवरच्या एका मेसेजमुळे सख्ख्या भावांत अबोला कसा पडला. मला वाटतं, या उलथापालथीत सगळ्यात जास्त धक्का बसला तो यांच्या मधल्या नात्याला, तोंडओळखीला. काही वेळा ती इथे नव्यानं उगवली. बहुतेक वेळा इथेच मेली.

ही तोंडओळख किती कामाची असते, ते मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एका निबंधात दाखवलं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात त्यानं नोकरी बदललेल्यांना विचारलं, की या जागेची बातमी तुम्हाला कुणाकडून लागली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांना ती नेहमीच्या उठबशीतल्या माणसाकडून कळली होती. ५६ टक्क्यांच्या आसपास लोकांना अधूनमधून भेटणाऱ्यांनी सांगितली होती आणि उरलेल्या सुमारे २८ टक्क्यांना वर्षातून एखाद्या वेळेस दिसणाऱ्यांनी. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवं काही येतं ते चौकापलीकडून. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या, म्हणजे नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या साइटच्या, २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास आला. पाच वर्षांची माहिती चाळून संशोधकांनीही तेच सांगितलं, फक्त थोडी दुरुस्ती करून: अगदी घट्ट धागा नोकरीसाठी फारसा उपयोगी नाही, अगदीच पातळही नाही, मधला सैलसर धागा सर्वांत कामाचा.

नागपूरकराला हे सांगायला लिंक्डइन लागत नाही. मे महिन्यात भर दुपारी कूलरची मोटर जळाली, की मिस्त्रीचा नंबर जिवलग मैत्रिणीकडे नसतो. तो असतो पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणाकडे तरी.

मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा पानठेला नव्हता, ऑर्कुट होतं, तेव्हाचं फेसबुक म्हणा. २००४ च्या जानेवारीत ते सुरू झालं आणि आमच्या ऑफिसातल्या पोरींपर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षं लागली. आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण तिथे लोक एकमेकांना लिहीत ते ‘स्क्रॅप’ सगळ्यांना वाचता येत. कोण आपलं पान पाहून गेलं तेही दिसे, त्यामुळे चोरून पाहणाऱ्याची पंचाईत व्हायची. मित्र तुम्हाला विश्वासू म्हणून हसरे चेहरे देत, झकास म्हणून बर्फाचे खडे देत, आणि देखणे असाल तर बदाम. माझ्याकडे बर्फ बराच होता.

पण मला आठवतात त्या तिथल्या कम्युनिटी. पुण्यातल्या नागपूरकरांच्या एका कम्युनिटीत मी पडीक असे. तिथे मुख्य धंदा भांडणाचा. तर्री पोहे कुठले खरे, सावजीचं मटण पुण्यात मिळतं ते सावजीच आहे का, ‘येऊन राहिलो’ म्हटल्यावर हसणाऱ्या रूममेटचं काय करायचं. असे विषय पानंच्या पानं चालत. दिवाळीच्या आधी मात्र सूर बदलायचा. आझाद हिंदचं वेटिंग शंभराच्या पुढे, ट्रॅव्हल्सवाल्यांचे भाव आभाळाला, मग कुणीतरी लिही, ‘चौघं असाल तर गाडी करू, पेट्रोल वाटून घेऊ.’ लोक खरंच जायचे. आईबापांना हे सांगायची सोय नव्हती.

एकदा आईनं मुंगवड्या आणि लोणच्याची बरणी अशाच एका मुलाबरोबर पाठवली. तो कोण, कुठला, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढंच ठाऊक, की पोह्यांवर रस्सा किती असावा याबद्दल त्याचं मत अत्यंत चुकीचं आहे. सकाळी ट्रॅव्हल्स थांबते तिथे मी उभी राहिले. त्यानं स्क्रॅपमध्ये शर्टाचा रंग कळवला होता. बरणी दिली, ‘थोडं तेल सांडलं बहुतेक’ म्हणाला आणि गेला. पुन्हा कधी भेट नाही. पोह्यांवरचं भांडण मात्र पुढे कितीतरी महिने चाललं.

हे जमायचं कारण माझ्या मते असं, की तिथे माणूस आपल्याला एका फोडीपुरता माहीत असे. पोह्यांच्या कम्युनिटीत पोह्यांपुरता, क्रिकेटच्या कम्युनिटीत क्रिकेटपुरता. त्याचा पक्ष, त्याची जात, त्याचा बायकांविषयीचा थोर विचार हे सगळं कुठेतरी असणारच. पण ते आपल्या अंगावर येत नसे. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. तोवर बहुतेक जण फेसबुकवर गेले होते. तिथे सगळ्या फोडी एकाच ताटात आल्या आणि आपल्या पुढ्यात काय वाढायचं ते यंत्र ठरवू लागलं. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी पुढे जाते.

नागपूरला परत आले आणि मला लेआउटच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेण्यात आलं. ‘घेण्यात आलं’ हेच बरोबर, विचारलं कुणी नव्हतं. ग्रुप निघाला होता नळाचं पाणी, कचरागाडी आणि मोकाट कुत्री यांसाठी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि लेआउटमधले यच्चयावत काका-काकू एका महिन्यात ऑनलाइन झाले. नळ मागे पडला. सूर्योदय, गुलाब, वाफाळता कप आणि त्याखाली सुविचार. भारतातल्या लोकांचे फोन सुप्रभातच्या चित्रांनीच भरून जातात हे पुढे गूगलच्याही ध्यानात आलं आणि त्यांनी ती चित्रं हुडकून पुसायची सोय काढली. आमच्या लेआउटचा त्यात मोलाचा वाटा असणार.

सुप्रभातचं मला काही वाटत नाही. ‘मी आहे, उठलो आहे’ एवढंच त्यात असतं आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं ते रोज कळलेलं बरं. अडचण फॉरवर्डची आहे.

आमच्या समोरच्या ओळीत एक निवृत्त इंजिनिअर काकाजी राहतात. संध्याकाळी मी बँकेतून येते तेव्हा ते पाईपनं झाडांना पाणी घालत असत. ‘काय मॅडम, आज लवकर?’ ‘हो, सर्व्हर डाऊन होता.’ मला त्यांची माहिती एवढीच, की जास्वंदाची कलमं त्यांच्या हातची हमखास जगतात आणि काकूंचे गुडघे दुखतात. ग्रुप आल्यावर मला त्यांचं सगळं कळलं. कोणाला मत देतात, कोणत्या वस्तीतल्या लोकांना शहराबाहेर काढावं म्हणतात, नोकरी करणाऱ्या बायकांमुळे कुटुंबव्यवस्थेचं काय झालं, गोमूत्रानं काय काय बरं होतं. त्यांनाही माझं कळलं, कारण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. आता संध्याकाळी आम्ही दोघंही घाईत असतो. ते पाईप घेऊन मागच्या अंगणात जातात, मी कुलपाशी उगाच खुडबुड करते.

त्यांचे विचार तेव्हाही तेच होते आणि माझेही. आम्ही त्यावाचून इतकी वर्षं शेजारधर्म पाळला. तोंडओळखीचं सगळं बळ तिच्या अर्धवटपणात असतं आणि ग्रुपनं नेमका तोच काढून घेतला.

ग्रुपच्या ॲडमिनचं दुःख आणखी वेगळं. कुणी काहीबाही टाकलं तर पोलीस आपल्याला नेतील या भीतीनं आमचे ॲडमिन दर आठवड्याला एक जाहीर सूचना टाकत. मग मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ सालचं. ग्रुपमधल्या एका सदस्यानं एका बाईला उद्देशून घाणेरडी भाषा वापरली आणि ॲडमिननं त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयानं ॲडमिनविरुद्धचं प्रकरण रद्द केलं. ॲडमिनला माणसं घेता येतात आणि काढता येतात, कोण काय लिहिणार ते आधी गाळता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं कृत्य दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही, असं साधारण म्हणणं. ही बातमी आमच्या ग्रुपवर ॲडमिननीच टाकली, ठळक अक्षरात, तीनदा. पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपनं ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली आणि ते पुन्हा बेचैन झाले. आता पुसता येतं, म्हणजे न पुसण्याला कारण द्यावं लागणार.

हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नाही. १ जुलै २०१८ चा रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे गेले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरली होती. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. मर्यादा चांगली आहे. पण मला राहून राहून वाटतं ते दुसरंच. भिक्षेकरी, बहुरूपी, वासुदेव ही माणसं वर्षातून एकदा येणारी, आणि गाव त्यांना तोंडानं ओळखायचं. नाव कुणाला माहीत नसेल, पण ‘दरसाल येतात’ एवढं दाराशी उभं राहायला पुरायचं. राईनपाड्यात त्या दिवशी त्यांच्याविषयी जे काही गावाला माहीत होतं, ते सगळं मोबाईलवरून आलेलं होतं.

आता माझी तक्रार रागाविरुद्ध आहे असं कुणी समजू नये. हे शहर राग जाहीरपणे काढण्यात सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तरबेज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या भल्यामोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकी निघतात, सोबत बडग्ये, तेही पुतळेच. महागाईचा बडग्या, भ्रष्ट पुढाऱ्याचा बडग्या, खड्ड्यांचा, पेपरफुटीचा. पाट्यांवरची भाषा अशी, की कोणत्याही ग्रुपवरून हकालपट्टी व्हावी. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर इतवारी-महाल या जुन्या वस्त्यांतून ओरडत जातं आणि संध्याकाळपर्यंत त्याची राख होते. ग्रुपवरचा राग हा असा बडग्या आहे, जो कुणी जाळतच नाही. रोज सकाळी तोच पुन्हा दारात उभा.

तरी मी ग्रुप सोडला नाही. त्याला कारण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट.

मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला तो थांबेचना. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट पाण्याखाली. सीताबर्डीत मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. शहरात माणसं दगावली. आमच्याकडे पाणी त्या मानानं कमी होतं, पण उताराकडच्या घरांत कमरेएवढं. ग्रुपवर अंधारात मेसेज येत होते. ‘गेटपर्यंत आलं.’ ‘आत आलं.’ ‘लाईट गेली, मीटर बंद करा.’ आणि मग, ‘कोपऱ्यावरच्या आजी एकट्या आहेत, मुलगा बंगलोरला, त्या खालच्या खोलीत झोपतात.’ हे लिहिणारी बाई ग्रुपवर एरवी कधी एक शब्द लिहीत नाही. तिला हे माहीत होतं, कारण ती आणि आजी एकाच इस्त्रीवाल्याच्या गाडीपाशी उभ्या राहत. दोन पोरांनी जाऊन आजींना वर नेलं.

उलटही झालं. नव्या फ्लॅट स्कीमच्या तळमजल्यावरून एक जण सारखा लिहीत होता, ‘हेल्प, पाणी वाढून राहिलं.’ डीपीला ताडोब्याचा वाघ. नाव म्हणून इंग्रजीतली दोन आद्याक्षरं. हा वाघ कोणत्या स्कीममधला, कोणत्या फ्लॅटमधला, कुणालाच सांगता येईना. वर्षभर तो राजकारणावर सगळ्यात जास्त बोलत आला होता. त्याचं परराष्ट्र धोरण आम्हाला पाठ होतं, तोंड ठाऊक नव्हतं. शेवटी त्यानं बाल्कनीतून टॉर्च हलवला तेव्हा सापडला.

काकाजींनी वरचा मजला उघडला होता. आम्ही सात-आठ बायका तिथे चहा प्यायलो आणि पाणी उपसायच्या पंपाबद्दल बोललो, फक्त पंपाबद्दल. फार बरं वाटलं. दुपारी त्यांनी ग्रुपवर ‘नागपूरचा महापूर’ म्हणून एक व्हिडिओ टाकला, त्यात नारळाची झाडं आणि समुद्र होता.

आता जे लिहितेय त्यात माझं म्हणणं थोडं लंगडं पडतं. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात दोन गटांत हिंसाचार उसळला, रात्री अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अफवा मोबाईलवर होत्याच. आमच्या ग्रुपवर व्हिडिओंची रांग लागली. महालात राहणारं ग्रुपमध्ये कुणी नाही, मोमिनपुऱ्यातलं, म्हणजे मुसलमान वस्तीतलं, तर नाहीच. माझे कपडे शिवणारे मास्टर मोमिनपुऱ्यात राहतात. मी त्यांना फोन केला. ‘घर में हैं मॅडम, सब खैरियत. आपके ब्लाउज रेडी हैं, पर अभी मत आना.’ तेवढ्यात ग्रुपवर कुणी लिहिलं, की मास्टरांचं दुकान आहे तो गांधीबागेतला सगळा रस्ता जळतोय. मी लिहिलं, त्या गल्लीत दुकानं बंद आहेत, आग नाही. ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ ‘माझ्या टेलरनं.’ दोन मिनिटं ग्रुप शांत. मग पुढचा व्हिडिओ.

मास्टर माझ्या फोनमध्ये आहेत, पण एकाही ग्रुपात नाहीत. लेआउट, माहेर, सासर, शाळा, बँक, भिशी, सगळीकडे माझ्यासारखीच माणसं. २०२२ पासून एका ग्रुपात १०२४ जण घेता येतात, त्याचा उपयोग आपण एकाच जातकुळीची १०२४ माणसं गोळा करण्यासाठी करतो. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली का होतात यापेक्षा कुठे होत नाहीत हे पाहायला शहरांच्या जोड्या लावल्या होत्या, एक दंगलींचं आणि एक त्या मानानं शांत: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. हिंदू-मुसलमान दोघंही असलेल्या व्यापारी संघटना, कामगार संघटना, मंडळं जिथे बळकट, तिथे अफवा वेळीच विझते, असं त्यांना दिसलं. नुसतं रोजचं येणंजाणं खेड्यात पुरतं, मोठ्या शहरात पुरत नाही. माझ्या तोंडओळखीच्या कौतुकाला हा टोला आहे आणि तो मला पटतो. माझ्या एका फोननं काहीही थांबलं नाही. एवढंच झालं, की एका रात्री एका ग्रुपात एका गल्लीबद्दल खरी बातमी होती.

पुरानंतर आमच्याकडे दुसरा ग्रुप निघाला आहे, ‘फक्त कामाचं’. नियम दोनच. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच टाकायचं आणि नावापुढे घर नंबर लिहायचा. तो बरा चालला होता. पण मागच्या पंधरवड्यात ‘उद्या सकाळी १० ते ४ लाईट बंद’ हा मेसेज एका काकूंच्या वाढदिवसाच्या केक आणि फुगेवाल्या शुभेच्छांखाली गाडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं लेआउट लिफ्ट आणि मिक्सर यांच्याशी झगडत होतं. ॲडमिननी शुभेच्छांवर बंदी घातली. काकाजींचं म्हणणं, शुभेच्छा अडवणं ही कुठली माणुसकी, आणि या एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूनं आहे. रविवारी गणपतीच्या देवळात त्यावर बैठक ठेवली आहे. नोटिशीत खाली पेननं लिहिलंय, डीपीला वाघ लावणाऱ्यांनी प्रत्यक्ष यावे.